माळावर बघण्यासारखं काय आहे?

मराठी कुटुंब निसर्ग बघायला निघालं की सगळ्यात आधी सावली शोधतं. झाड कुठलं, पक्षी कुठला, ही चौकशी मागाहून. सतरंजी अंथरता येईल, डबा उघडता येईल आणि गाडी नजरेच्या टप्प्यात राहील एवढी सावली मिळाली की निम्मी सहल पार पडली. उरलेली निम्मी स्वच्छतागृह सापडतं का, यावर असते. या दोन विषयांत महाबळेश्वर पहिल्या वर्गात पास होतं, ताम्हिणी ढकलपास होतो आणि आमचे बारामती-इंदापूर हे तालुके सपशेल नापास होतात. आमच्याकडे छाया एकच, पर्जन्यछाया.

सह्याद्रीनं पश्चिमेकडे पाऊस उतरवून घेतला की उरलासुरला आमच्या वाट्याला येतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मर्जीनं. त्यात नीरा डावा कालवा गेलेला. कालव्याच्या खाली ऊस आणि वर कुसळ, अशी सरळ वाटणी आहे. खालच्या अंगाला साखर कारखाने, बंगले आणि बंगल्यांपुढे गुलमोहर. वरच्या अंगाला जिरायत, ज्वारी-बाजरी, मेंढरं आणि नजर थकेपर्यंत माळ.

असं असूनही पाहुणे येतात. पुण्याचे येतात, मुंबईचे येतात, आता तर पिंपरी-चिंचवडचेही येतात. ‘मुलांना जरा निसर्ग दाखवू म्हटलं’ हे वाक्य गाडीचं दार उघडता उघडताच म्हटलं जातं. आमच्या दाजींचंही हेच. दाजी पुण्याचे. त्यांच्या डोक्यावर शिकाऱ्याची टोपी, गळ्यात दुर्बीण आणि मोबाइलमध्ये झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारं अ‍ॅप. ताईच्या हातात चार पुडांचा डबा. भाच्याच्या हातात ‘परिसर अभ्यास’ची प्रकल्पवही, तीत दहा पानं चिकटवायची आहेत. कुठल्या झाडाची हे शाळेनं सांगितलेलं नाही, फक्त ‘वेगवेगळी’ असावीत. माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, मागच्या सीटवर. तिला कुणी काही विचारत नाही, कारण तिच्याकडे अ‍ॅप नाही.

सावलीच्या शोधात असं कुटुंब पहिल्यांदा बागेत जातं. आमच्या भागातल्या अशाच एका बागेचं, नाव कशाला सांगा, शिक्षण फाटकापासून सुरू होतं. फुले तोडू नयेत. झाडांना हात लावू नये. हिरवळीवर चालू नये. बाकांवर झोपू नये. कारंज्यात पाय घालू नयेत. मूल फाटकातून आत येतं तेव्हा निसर्गाविषयी त्याला एवढं पक्कं कळलेलं असतं की, ही आपल्याला ओरडा खायला लावणारी गोष्ट आहे. उरलंसुरलं रखवालदाराची शिट्टी शिकवते. गंमत अशी की त्या शिट्टीला बागेतले कावळेसुद्धा सरावलेत. शिट्टी झाली की ते उडत नाहीत, पोरं उडतात.

आत झाडांना पाट्या असतात. मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ आणि उपयोग. उपयोगापुढे बहुतेक सगळीकडे ‘औषधी’. कफनाशक, पाचक, त्वचारोगांवर गुणकारी. एवढ्या झाडांमध्ये उभं राहून मराठी माणसाला एकदम बरं वाटायला लागतं. ज्या झाडाचा औषधी उपयोग सापडला नाही त्यावर ‘शोभेचे’ असं लिहून त्याची बोळवण केलेली. एका करंजाच्या खोडावर पाटी खिळ्यांनी ठोकली होती. झाडानं पुढच्या काही वर्षांत काय केलं, तर खिळे गिळले. मग पाटीच्या कडा सालीच्या ओठांत घेतल्या. पत्रा मधोमध वाकला आणि शास्त्रीय नावाची पहिली तीन अक्षरं सालीत गडप झाली. भाचा त्या पाटीसमोर बराच वेळ उभा होता. ‘मामा, हे झाड पाटी खातंय.’ त्या बागेत कुणी केलेलं वनस्पतिशास्त्रातलं एकमेव निरीक्षण हेच असावं. दाजी म्हणाले, ‘चल पुढं, ते प्रकल्पात नाहीये.’

या बागांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे जगप्रवास. गुलमोहर मादागास्करचा. सुबाभूळ मेक्सिकोकडची. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. ज्या पर्जन्यवृक्षाखाली सतरंजी पडते तो दक्षिण अमेरिकेचा. कुंपणाला लावलेलं गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं. तिकीट काढून आत गेलं की पाच मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा होते. तालुका तेवढा कुंपणाच्या बाहेर राहतो. हिवर नाही, खैर नाही, बोर नाही, तरवड तर नाहीच. बाभूळ एक होती, तीही लावलेली नव्हती. कुंपणाच्या कोपऱ्यात आपली आपण उगवलेली. तिच्या पाटीवर ‘अकेशिया निलोटिका’ असं होतं आणि दाजींचं अ‍ॅप ‘व्हॅचेलिया निलोटिका’ म्हणत होतं.

इथं अ‍ॅप बरोबर होतं. ही बाभळीची हकीकत महाराष्ट्रात तरी घरोघरी कळायला हवी. अकेशिया या प्रजातीत जगभरची हजाराहून जास्त झाडं कोंबलेली होती. तपासणी झाल्यावर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, ही सगळी एका घरची नाहीत, वाटणी करावी लागणार. नियम असा की ज्या झाडावरून मूळ नाव पडलं त्याच्याकडे नाव राहावं. ते मूळ झाड म्हणजे आपली बाभूळ. पण ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या सुमारे हजार जाती, त्या सगळ्यांची नावं बदलायची म्हणजे केवढा खटाटोप! तेव्हा 2005 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाकडे ठेवायचं ठरलं आणि 2011 साली त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं. तेही मेलबर्नमध्ये. कुळकायदाच लागला म्हणा ना! संख्येनं जास्त असलेल्या कुळाच्या नावावर जमीन झाली आणि मूळ मालकीण नव्या नावानं बांधावर उभी राहिली. बारामतीच्या बाभळीला अर्थातच याची नोटीस आलेली नाही.

दाजी हे सगळं ऐकत असताना आई बाभळीजवळ गेली. तिनं खोडावरचा डिंक नखानं काढून भाच्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, ‘ही बाभळ. हिचं लाकूड औताला, काडी दाताला, शेंगा शेरडाला. काटा मात्र आपल्याला.’ पाटीवर चार ओळी होत्या, आजीच्याही चार. भाच्यानं डिंक वहीत चिकटवला. डिंकाला वेगळा डिंक लागला नाही.

सावलीचा मोह सोडायची तयारी असेल तर बागेपेक्षा खूप चांगली शाळा जानेवारीत शारदानगरला भरते. कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारात ‘कृषिक’ नावाचं प्रदर्शन असतं. ज्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं हे केंद्र, तो 1971 पासूनचा. तंबूतले स्टॉल असतात तसे असतात, पण खरी मजा उभ्या पिकांत आहे. टोमॅटो, कांदा, फ्लॉवर, कलिंगड, ऊस, सगळं जमिनीत उभं असतं आणि लोक त्यामधून चालतात. इथंही पाट्या असतात, पण त्यांवर उपयोग नसतो, उतारा असतो. जात कुठली, लागण कधीची, दोन ओळींत अंतर किती. शेतकरी पिकाचा फोटो काढत नाही, पाटीचा काढतो.

या गर्दीत गावचा कोण आणि शहरचा कोण हे ओळखायचं असेल तर कपडे बघू नका. आता जीन्स सगळेच घालतात आणि गॉगल तर आमच्याकडे जास्त. पानाला हात कसा लावतात ते बघा. शहरचा माणूस पान वरून बघतो. ‘किती फ्रेश आहे ना!’ असं म्हणतो आणि त्याच्याशेजारी वाकून फोटो काढून घेतो. शेतकरी पिकात शिरल्या शिरल्या पान उलटं करतो. बोटाच्या पेरावर धरतो, उन्हाकडे करतो, डोळे बारीक करतो. फुलकिडे, मावा, पांढरी माशी, कोळी, सगळी मंडळी पानाच्या पाठीमागे राहतात हे त्याला ठाऊक असतं. वरच्या बाजूला पिकाची जाहिरात, खालच्या बाजूला हिशेब. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मिरचीचं पान उलटं केलं, काही नाही असं बघून पुन्हा सरळ केलं आणि शेजारच्याला सांगितलं, ‘काल रात्रीच फवारलंय.’ भाच्यानं त्यांच्याकडे बघून पान उलटं करायला सुरुवात केली आणि दिवसभर थांबलाच नाही. संध्याकाळी जेवताना त्यानं ताटातली पोळीही उलटी करून बघितली. ताई वैतागली. मला विचाराल तर प्रकल्पवही तिथंच पूर्ण झाली होती.

बाकी कुटुंबांचं प्रदर्शनातलं शिक्षण मोठं श्रवणीय असतं. एक आई मुलाला सांगत होती, ‘बघ, शेंगदाणे किती खाली असतात!’ एक गृहस्थ ड्रॅगन फ्रूटच्या खांबासमोर उभं राहून बायकोला निवडुंग आणि ड्रॅगन फ्रूट यांतला फरक समजावत होते. ते निवडुंगच असतं, हे तिला माहीत होतं. ती गप्प होती, कारण गाडीची किल्ली त्यांच्याकडे होती. मोठी गर्दी मात्र पिकांजवळ नसते, जनावरांच्या मांडवात असते. तिथं एखादा रेडा अंगाला तेल लावून उभा असतो आणि त्याची किंमत ऐकून लोक मनातल्या मनात त्याच्या बदल्यात किती गुंठे येतील ते मोजत असतात.

दुसरी शाळा पाण्यावरची. भिगवणचं नाव आता पुण्या-मुंबईत फ्लेमिंगोमुळे, म्हणजे रोहित पक्ष्यांमुळे, झालं. उजनी धरण 1980 साली पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागे सरकत इंदापूर तालुक्यात शिरलं. गावं उठली, शिवारं बुडाली, पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते डोकं वर काढतं आणि वर्तमानपत्रं दरवेळी नव्यानं चकित होतात. उथळ पाणी, गाळ, मासे आणि शेवाळ एवढी बैठक व्यवस्था झाल्यावर पाखरं कशाला थांबतात? रोहित आले, चित्रबलाक आले, हिमालय ओलांडून पट्टकदंब आले. निसर्ग बघायला आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते जरा हिरमुसतात. म्हणजे हे धरण? हे माणसानं केलेलं? मग ओरिजिनल निसर्ग कुठाय?

कुंभारगावात, डिकसळला होड्या मिळतात. नावाडी मासेमारी करणाऱ्या घरांतले. त्यांनी पाखरांची नावं इंग्रजीत आणि मराठीत इतकी तोंडपाठ केलीत की प्राध्यापकांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. चांगला नावाडी थवा दिसला की इंजिन बंद करतो आणि बांबूनं होडी ढकलत नेतो. मग होडीत खऱ्या अर्थानं शांतता व्हायला हवी. त्या क्षणी नेमकं चिवड्याचं पाकीट फुटतं. मागोमाग दाजींचा आवाज येतो, ‘अहो दादा, जरा उडवा की! उडताना फोटो छान येतो.’

नावाडी शांतपणे म्हणाला, ‘उडवायला ती काय कबुतरं हायत व्हय? खायला आल्यात. खाऊ द्या. तुम्हाला जेवताना कोण उठवलं तर?’

ताईनं चिवड्याचं पाकीट गुपचूप पिशवीत सरकवलं. रोहितपक्षी खाली मान घालून, चोच उलटी करून पाणी गाळत होते. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळातल्या आणि बारक्या कोळंबीसारख्या जिवांतल्या रंगद्रव्यातून. हे कळल्यावर भाच्यानं विचारलं, ‘मग आपण वांगी खाल्ली तर?’ होडीतल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही. पलीकडच्या होडीतून एक कुटुंब कुरव पक्ष्यांना शेव टाकत होतं. तेलकट, तिखट शेव. सैबेरियातून आणि कुठून कुठून आलेल्या पाखरांना आपण पहिला पाहुणचार मसाला शेवेचा करतो, आणि घरी जाऊन ‘पक्षी वाचवा’चा फोटो स्टेटसला ठेवतो.

पाण्यावरच्या शिक्षणाचा समारोप ढाब्यावर होतो, चिलापीनं. चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतून आलेला मासा. उजनीत तो असा माजलाय की जाळ्यात दुसरं काही येईना झालंय. पाखरं बघून आलेले लोक चिलापी फ्रायवर असे तुटून पडतात की पाणकावळ्यांनी धडा घ्यावा. शाकाहारी पाहुणे त्या वेळी भादलवाडीच्या तलावाकडे जाऊन येतात. तिथं पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात. अकेशिया की व्हॅचेलिया याची चौकशी न करता ते पिढ्यान्‌पिढ्या संसार करतात.

आता माळ. इथवर दाजी खूश होते. माळावर त्यांची खरी परीक्षा झाली.

चौफुल्याहून बारामतीकडे येताना सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागतं. 1997 साली जाहीर झालेलं, साधारण पाच चौरस किलोमीटरचं. अभयारण्य म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्याच्या मानानं हे एखाद्या गावच्या गायरानाएवढं. या भागावर मोराची मालकी जुनी आहे. शेजारी मोरगावचा मयूरेश्वर, इकडे बारामतीत राहून ‘केकावली’ लिहिणारे मोरोपंत. पण अभयारण्य आहे चिंकाऱ्यासाठी. पावती फाडून गाडी आत गेली. दोन्हीकडे गुडघाभर वाळलेलं गवत, मधूनमधून हिवर, बोर, एखादा खैर. दहा मिनिटं झाली. दाजींनी दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली आणि जाहीर केलं, ‘इथं काहीच नाहीये.’

आमच्या तालुक्याचं सरकारदरबारी वर्णनही साधारण हेच. माळ म्हणजे पडीक, सातबाऱ्यावर पोटखराबा. देशाच्या नकाशांत गवताळ रानं ‘पडीक जमीन’ म्हणून रंगवलेली. इंग्रजांनी सारा न देणाऱ्या जमिनीला जे नाव दिलं तेच आपण प्रेमानं पुढे चालवलं. विनोद असा की आमचं सगळं ऐश्वर्य गवताचं आहे. ऊस हे गवत. ज्वारी, बाजरी, गहू, मका, सगळी गवतं. आमचे कारखाने, आमचे चेअरमन, आमच्या निवडणुका, सगळं एका उंच गवतावर उभं. त्या गवताला पाणी पाजतो, खत घालतो, आता तर उपग्रहाचे फोटो आणि कृत्रिम बुद्धिमत्ता लावतो. त्याच्या चुलतभावाला म्हणतो पडीक.

‘काहीच नाहीये’ म्हणून झाल्यावर दाजी पाय मोकळे करायला मोकळ्या वाटेवर उतरले. परत आले ते कुसळं घेऊनच. मोज्यात, पँटच्या दुमडीत, बुटाच्या जिभेखाली. ताई म्हणाली, ‘काढून टाका ती घाण.’ आईनं एक कुसळ अलगद काढून भाच्याच्या तळहातावर ठेवलं. एका टोकाला अणकुचीदार, तपकिरी, बारीक केस असलेलं बी. त्यामागे पिळलेली लांब शेपटी, मध्ये गुडघ्यासारखी वाकलेली. ‘आता त्यावर पाण्याचा थेंब सोड.’ भाच्यानं बाटलीच्या झाकणातून थेंब सोडला. क्षणभर काही नाही. मग शेपटी हलली. हळूहळू पीळ सुटत ती गोल फिरायला लागली, तळहातावर स्वतःच स्वतःला ढकलत. भाच्यानं किंचाळून हात झटकला आणि लगेच खाली बसून कुसळ शोधायला लागला.

ओल आली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. त्या फिरण्यानं बी जमिनीत स्क्रूसारखं उतरतं. केस मागे वळलेले, त्यामुळे आत गेलेलं बाहेर येत नाही. गवताला ना नांगर, ना पाभर, ना मजूर. रोजच्या दवावर त्याची पेरणी होते. मेंढराची लोकर, कुत्र्याची शेपूट, दाजींचे मोजे, जे मिळेल त्यावरून पुढच्या गावाला जातं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं अशी आपल्याकडे म्हण आहे, पण मोज्यातलं कुसळ बघायला मात्र भाचाच लागला. पुढचा अर्धा तास दाजी गाडीच्या उघड्या दाराशी पाय लांब करून बसले होते आणि पोरगा त्यांच्या मोज्यांतून एकेक कुसळ उपटून पाण्यात घालत होता. इतका आज्ञाधारक बाप मी पहिल्यांदा पाहिला.

त्या अर्ध्या तासात कुणी बोललं नाही, गाडी हलली नाही. म्हणून चिंकारा दिसला. आधी गवतात काळी शेपटी दिसली, सारखी हलणारी. चिंकाऱ्याची शेपटी स्वस्थ राहतच नाही. मग तांबूस अंग, सरळ शिंगं. त्याला पाणवठा लागतोच असं नाही, पाल्यातल्या ओलीवर आणि दवावर तो दिवस काढतो. म्हणजे सहल ज्या दोन गोष्टींसाठी अडते, सावली आणि पाण्याची बाटली, त्या दोन्हींशिवाय हा प्राणी बारमाही इथं राहतो. दाजींनी हात लांब करून मोबाइल काढेपर्यंत तो गेला होता. त्यांना जरा राग आला. ‘थांबला नाही.’ जसं काही ठरलं होतं.

खरं तर माळाची गर्दी खाली बघितल्याशिवाय दिसत नाही. माळटिटवी उघड्यावर खड्यांसारखी अंडी घालते. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ते पाणी पिल्लांना नेऊन पाजतो. टँकर म्हणा, पण वेळेवर येणारा. कझाकस्तानच्या बाजूनं भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हिवाळ्यात येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतात जमिनीवर मुक्काम करतात. खोकड आहे, तरस आहे, लांडगा आहे. वनखात्यानं अलीकडे बारामतीत शिर्सुफळला आणि इंदापुरात कडबनवाडीला गवताळ सफारी सुरू केली ती याचसाठी. गावातल्या पोरांना वाटाडे म्हणून काम मिळालं. ज्या माळावर त्यांच्या आजोबांनी मेंढरं राखली त्याच माळावर आता ती पोरं मुंबईच्या माणसाला ‘सर, टेन ओ’क्लॉक’ म्हणून खोकड दाखवतात.

कडबनवाडीच्या वाटेवर एक मेंढपाळ भेटले. घोंगडी, काठी, सत्तरएक मेंढरं. दाजी दुर्बिणीतून क्षितिज विंचरत होते.

‘काय हुडकताय, पावणं?’

‘लांडगा.’

‘कशाला?’

‘बघायला.’

‘बघून?’

दाजींकडे उत्तर नव्हतं. मेंढपाळांनी त्यांच्या टोपीकडे, दुर्बिणीकडे, कुसळांनी भरलेल्या पँटकडे एकवार पाहिलं आणि मेंढरं हाकत म्हणाले, ‘त्यो बघतोय की तुम्हास्नी मगाधरनं.’ तालुक्यातलं कुठलंच प्रदर्शन असं शिकवत नाही. लांडगा दरसाल त्यांची दोन-चार कोकरं नेतो, ते त्याला शिव्याही घालतात, पण लांडग्यानं माळ सोडून कुठं जावं हे त्यांच्या डोक्यात येत नाही. ते डोक्यात येतं आमच्यासारख्या शिकलेल्यांच्या. आम्ही पर्यावरणदिनी जमतो, बॅनर लावतो, भाषण करतो आणि ‘ओसाड माळ हिरवागार करू या’ म्हणून जेसीबीनं खड्डे घेतो. नेमके माळटिटवीच्या अंगणात. गिरिपुष्प लावतो, निलगिरी लावतो, फोटो होतो, चहा होतो. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत पुन्हा तेच. रोपं बहुतेक मरतात हे माळाचं नशीब. जी जगतात त्यांच्या सावलीत गवत मरतं आणि गवताच्या मागोमाग चिंकारा, भोवत्या, खोकड उठून जातात.

आमच्या सहलीचा शेवट काय झाला विचाराल, तर ताईनं आणलेला डबा शेवटी गाडीत बसून, एसी लावून संपवला गेला. दाजींनी जाता जाता डिकीतून एक वडाचं रोप काढलं. भाच्याच्या वाढदिवसाचं, माळावर लावायला पुण्याहून आणलेलं. आईनं ते हातात घेतलं, माती दाबून बघितली, चांगलं आहे म्हणाली आणि परत डिकीत ठेवलं.

तेव्हा येणार असाल तर जरूर या. गवत बघायचं तर पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास या. रोहित बघायचे तर जानेवारीनंतर. मोजे लांब घाला, आवाज लहान ठेवा, शेव घरी ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवा. आणि वाढदिवसाचं झाड लावायचंच असेल तर आपल्या सोसायटीत लावा. माळावर जागा रिकामी नाही. तिथं गवत आहे.